जुन्या संगणकाचा काळा पडदा

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या आपल्या संगणकप्रणालीला दिला जाणारा नियमित आधार थांबविला. काही अटींवर मिळणारी मुदतवाढ सोडली, तर त्या तारखेनंतर या प्रणालीतील सुरक्षेची छिद्रे बुजविण्याची जबाबदारी कंपनीवर राहिलेली नाही. पुढची प्रणाली ‘विंडोज ११’. परंतु ती टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मागते आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या जवळजवळ सर्व प्रोसेसरांना दारातूनच परत पाठविते. साधारणपणे २०१७ सालापूर्वी खरेदी झालेला संगणक, मग तो कितीही धडधाकट असो, अधिकृत दृष्ट्या निवृत्त झाला, असा याचा अर्थ होतो. रत्नागिरीसारख्या जिल्ह्याला हा अर्थ फार जवळचा आहे. शाळांच्या संगणक-कक्षांत, पतपेढ्यांच्या टेबलांवर आणि मुंबईच्या मामाने नवा घेतल्यावर जुना गावी पाठविला अशा घरांत आजही याच वयाची यंत्रे काम करताना दिसतात.

अशा यंत्रांना उरलेला सन्मान्य मार्ग म्हणजे लिनक्स. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. तिला किंमत नाही, परवाना नूतनीकरणाची कटकट नाही, आणि जुन्या यंत्रावर ती पुष्कळदा नव्या उत्साहाने धावते. तथापि ज्यांनी हा प्रयोग केला त्यांतील अनेकांना पहिल्याच दिवशी एक विचित्र अनुभव येतो. संगणक सुरू होतो, काही ओळी पडद्यावरून सरकतात आणि मग पडदा काळा पडतो, तो काळाच राहतो. कोणाच्या पडद्यावर रंगीत पट्टे उमटतात. कोणाची अक्षरे ताणल्यासारखी फुगीर दिसतात. कोणाचा संगणक एकदा झोपी गेला की जागाच होत नाही. दोन दिवस खटपट करून माणूस निकाल देतो, ‘लिनक्स आमच्या मशीनवर चालत नाही.’ दुरुस्तीवाला त्याला दुजोरा देतो आणि नव्या संगणकाचे दरपत्रक पुढे करतो.

हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. तो का चुकीचा आहे हे समजून घेणे केवळ तंत्रज्ञांचे काम आहे असे मला वाटत नाही. मी अर्थशास्त्र शिकवितो. आणि या काळ्या पडद्यामागे मला जो प्रश्न दिसतो तो मालकीचा आहे. विकत घेतलेल्या वस्तूचे आयुष्य किती, हे ठरविण्याचा अधिकार विकत घेणाऱ्याचा की विकणाऱ्याचा?

प्रथम रोग कोठे आहे ते पाहिले पाहिजे. पडद्यावर चित्र उमटविण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. काही संगणकांत ते वेगळे बसविलेले असते, काहींत मदरबोर्डवर वा प्रोसेसरमध्येच सामावलेले असते. बिघाड कार्डाच्या धातूत आहे की त्याला दिल्या जाणाऱ्या आज्ञांत आहे, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. वीज सुरू करताच जो पहिला पडदा येतो, म्हणजे उत्पादक कंपनीचे चिन्ह वा बायोसची अक्षरे, तोच जर पट्ट्यापट्ट्यांचा वा कोरा असेल, तर दोष यंत्राचा आहे. त्या क्षणी लिनक्सही नसते आणि विंडोजही नसते. उलट पहिला पडदा स्वच्छ दिसून पुढे प्रणाली सुरू होताना अंधार झाला, तर यंत्र बहुधा निरोगी आहे आणि दोष आज्ञांचा आहे.

पहिल्या प्रकारचा दोष कोकणात जास्त आढळतो आणि त्याला कारणही आहे. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस, समुद्रावरून येणारी खारी हवा आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत न वाळणाऱ्या भिंती यांचा परिणाम जसा दाराच्या बिजागरीवर होतो तसाच कार्डाच्या सोनेरी दातांवरही होतो. संगणकाची वीज पूर्ण काढून कार्ड बाहेर घ्यावे, ते दात साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसावेत, पंख्यातील धूळ झटकावी, कपॅसिटरांची डोकी फुगली आहेत का ते पाहावे आणि कार्ड पुन्हा घट्ट बसवावे. वीज पुरविणारी एसएमपीएसची पेटी अशक्त झाली असेल तरीही पडदा रुसतो. एवढ्यावर कित्येक मृत संगणक जिवंत झालेले आपल्याकडील दुरुस्तीच्या दुकानांत रोज पाहायला मिळतात.

खरा विषय दुसऱ्या प्रकारच्या दोषाचा आहे. प्रणालीची भाषा कार्डाला कळत नाही आणि कार्डाची भाषा प्रणालीला. दोघांत एक दुभाष्या लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. नव्या प्रणालीला आपल्या कार्डासाठी योग्य दुभाष्या सापडला नाही, किंवा चुकीचा सापडला, की अंधार होतो. अशा वेळी लिनक्स सुरू होण्याच्या यादीवर थांबून ‘ई’ ही कळ दाबावी आणि ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या अखेरीस ‘नोमोडसेट’ हा एकच शब्द रोमन लिपीत जोडून पुढे जावे. याचा अर्थ असा, की तूर्त कार्डाशी खोलवर संभाषण करू नकोस, जुजबी चित्र दाखव. पडदा उजळतो. चित्र ओबडधोबड असते, चलच्चित्र अडखळते; पण घरात दिवा लागतो आणि मग पुढचा शोध घेता येतो. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दिली की कार्डाचे नाव आणि कूळ कळते. औषध या कुळावर अवलंबून असते, बाहेरील खोक्यावरच्या नावावर नव्हे.

हे शेवटचे वाक्य जरा उलगडून सांगितले पाहिजे, कारण येथेच खिशाला चाट बसते. आपल्याकडे एके काळी अमाप खपलेले एनव्हिडिया कंपनीचे जीफोर्स २१० हे कार्ड २००९ सालचे. त्याला समजणारा कंपनीचा शेवटचा दुभाष्या ३४० क्रमांकाचा. त्याची देखभाल २०१९ च्या अखेरीस थांबली. त्यानंतरच्या फर्मी या कुळासाठी ३९० क्रमांक. तो २०२२ अखेर संपला. त्यानंतरचे केप्लर कूळ. त्याचा ४७० क्रमांक २०२४ मध्ये संपला. आता गंमत पाहा. जीटी ६१० हे नाव ऐकून ते केप्लर कुळातले असेल असे वाटते, पण आतली रचना जुन्या फर्मीची आहे. जीटी ७३० तर एकाच नावाने दोन्ही कुळांत विकले गेले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात मिळाले म्हणून असे कार्ड आणणाऱ्या विद्यार्थ्याला आपण कोणत्या सालापर्यंतचे आयुष्य विकत घेतले हे कळायला मार्ग नसतो. जुन्या मोटारींच्या बाजारात विकणाऱ्याला खोट ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, मग चांगला मालच बाजारातून हटतो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले. येथे तर पुष्कळदा विकणाऱ्यालाही खोट ठाऊक नसते. ती दूरच्या एका कंपनीच्या वेळापत्रकात असते.

देखभाल थांबली म्हणून जुना दुभाष्या निरुपयोगी का व्हावा, असा प्रश्न कोणीही विचारील. कारण असे, की लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो वर्षातून पाचसहा वेळा नवा होतो आणि त्याची आतली जोडणी बदलत राहते. ड्रायव्हरचे मूळ लिखाण कर्नलच्या भांडारातच खुले ठेवलेले असेल, तर जोडणी बदलणाराच त्यातही योग्य तो बदल करतो. कंपनीने ते कुलपात ठेवले असेल, तर कुलपाची किल्ली ज्याच्याकडे आहे त्यानेच दर वेळी यावे लागते. तो आला नाही, की कालपर्यंत चालणारे कार्ड एका साध्या अद्ययावतीकरणानंतर आज मुके होते. कार्डातील एकही तार तुटलेली नसते.

अर्थशास्त्राला ही वृत्ती अपरिचित नाही. टिकाऊ वस्तूचा मक्तेदार हा स्वतःच्याच जुन्या मालाशी स्पर्धा करीत असतो, हे रोनाल्ड कोझ यांनी १९७२ साली एका छोटेखानी निबंधात मांडले. काल विकलेली वस्तू आजही चांगली चालत असेल तर नवी कोण घेणार? म्हणून टिकाऊपणा कमी करण्याकडे त्याचा कल असू शकतो. जेरेमी ब्यूलो यांनी १९८६ मध्ये याच धाग्यावर नियोजित जीर्णतेचा सिद्धान्त बांधला. पूर्वी टिकाऊपणा कमी करायचा तर वस्तूच कच्ची बनवावी लागे, आणि त्यात बदनामीचा धोका असे. आज त्याची गरज नाही. वस्तू पक्कीच ठेवायची. तिच्याविना जी चालत नाही ती पूरक वस्तू, म्हणजे दुभाष्या, तेवढी मागे घ्यायची. नांगर शेतकऱ्याचा, बैल शेतकऱ्याचे. फक्त जू मालकाच्या घरी!

कंपनीची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही. जुन्या कार्डांची देखभाल करायला माणसे लागतात, त्यांना पगार द्यावा लागतो, आणि दहा-बारा वर्षांपूर्वी कार्ड घेतलेल्या ग्राहकाकडून त्याचे पैसे येत नाहीत. हे मान्य. कंपनीने आजन्म सेवा करावी अशी अपेक्षाच नाही. सेवा करायची नसेल तर कागद द्या, एवढीच मागणी आहे. कार्डाशी कसे बोलायचे हे लिहून द्या, म्हणजे ज्यांना गरज आहे ते आपले आपण बोलतील.

आणि ही मागणी हवेतली नाही. एएमडी कंपनीने २००६ मध्ये एटीआय ही कार्डे बनविणारी कंपनी घेतली आणि २००७ साली आपल्या कार्डांची तांत्रिक माहिती खुली करण्याचे धोरण जाहीर केले. त्यांच्या स्वतःच्या बंद ड्रायव्हरने रेडिऑन एचडी २००० ते ४००० या कार्डांना २०१२ मध्येच जुन्या खात्यात टाकले. पण खुल्या माहितीवर इतरांनी लिहिलेला ड्रायव्हर आजही कर्नलमध्ये आहे आणि ती कार्डे चालवितो. निर्मात्याने सोडून दिल्यावरही वस्तू वर्षानुवर्षे जगली, ती लेखी माहितीच्या बळावर. इंटेलचा मार्गही खुलाच आहे. म्हणून इंटेलचे अंगभूत ग्राफिक्स असलेल्या जुन्या यंत्रावर लिनक्स बहुधा मुकाट्याने चालते.

एनव्हिडियाने कागद दिले नाहीत तेव्हा काही मंडळींनी कार्डाचे वागणे बाहेरून न्याहाळून त्याची भाषा ओळखली. ‘नूव्हो’ नावाचा हा ड्रायव्हर २०१० साली कर्नलमध्ये दाखल झाला. निरक्षर माणसाने केवळ ऐकून परकी भाषा शिकावी तसे हे काम आहे, आणि जीफोर्स २१० सारख्या कार्डाला आज तोच आधार आहे. परंतु २०१४ सालच्या जीफोर्स ९०० मालिकेपासून कंपनीने कार्डाच्या आतल्या फर्मवेअरवर स्वतःची सही लागेल अशी व्यवस्था केली. परिणामी त्या मालिकेची कार्डे नूव्होच्या हाती सर्वांत मंद गतीतच अडकून राहतात. टोरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातील एका सभेत या कंपनीविषयी जो शब्द आणि जी खूण वापरली ती या पानावर छापण्याजोगी नाही. पुढे २०२२ च्या मे महिन्यात कंपनीने ड्रायव्हरचा कर्नलमधील भाग खुला केला खरा. पण तो २०१८ नंतरच्या कार्डांसाठी. ज्यांना खरी गरज होती ती जुनी कार्डे दाराबाहेरच राहिली.

खुलेपणाने सारे काही आपोआप सुटते असेही मी म्हणणार नाही. पडद्यावरील चित्रणाचे मेसा नावाचे जे खुले भांडार आहे त्यातून २०२२ साली फार जुन्या कार्डांचे ड्रायव्हर वेगळ्या शाखेत काढून ठेवण्यात आले. २०२३ मध्ये कर्नलनेही १९९० च्या दशकातील काही कार्डांचे ड्रायव्हर वगळले. खुल्या लिखाणालाही वाचणारा, तपासणारा, ते जुने कार्ड घरात असणारा माणूस लागतो. सार्वजनिक विहिरीचा गाळ गावाने काढला नाही तर तीही आटते. तरीही खुले लिखाण वगळले गेले म्हणून नष्ट होत नाही. ज्याला हवे त्याला ते पुन्हा उचलता येते. कुलपातले लिखाण मात्र कंपनीच्या मर्जीबरोबरच अस्ताला जाते.

हा धडा आपण मराठी माणसांनी एकदा आपल्या लिपीच्या बाबतीतही घेतलेला आहे, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. संगणकावर डॉसचे राज्य असताना पडद्यावर मराठी उमटवायचे तर ‘जिस्ट’ हे वेगळे कार्ड बसवावे लागे. त्या तंत्राचा उगम कानपूरच्या आयआयटीत झाला आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ते देशभर पोहोचविले. विंडोज आले आणि ते कार्ड कालबाह्य झाले. परंतु त्या कार्यातून भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ ही जी संकेतपद्धती तयार झाली ती भारतीय मानक म्हणून १९९१ साली प्रसिद्ध झाली, आणि आज जगभर देवनागरी ज्या युनिकोडमधून उमटते त्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली आहे. कार्ड गेले, पण लिहून प्रसिद्ध केलेले ज्ञान टिकले. याच्या उलट, त्याच सुमारास अनेक खाजगी फाँट निघाले. प्रत्येकाचा संकेत निराळा आणि मालकीचा. त्यांत टंकलिखित केलेली स्मरणिका, प्रश्नपत्रिका, इतिवृत्ते आज उघडली तर पडद्यावर चिनी कोड्यासारखी अक्षरे दिसतात. ज्या कार्यालयात वीस वर्षांपूर्वीची फाइल वाचायला कोणी मिळत नाही, तेथील कारकुनाला या विषयाचे महत्त्व मी सांगण्याची गरज नाही.

आता करायचे काय? एकट्यादुकट्या ग्राहकाचे कंपनीपुढे काही चालत नाही. पण मोठा ग्राहक मात्र अट घालू शकतो. केरळ राज्याने २००१ साली ‘आयटी ॲट स्कूल’ हा प्रकल्प सुरू केला आणि पुढे सरकारी शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त प्रणालीवर आणले. हजारो शाळांसाठी खरेदी करणारे खातेच जेव्हा ‘आमच्या प्रणालीवर चालले पाहिजे’ असे म्हणते, तेव्हा पुरवठादाराला ते ऐकावे लागते. महाराष्ट्रात शाळा, महाविद्यालये, जिल्हा परिषदा यांची खरेदी विखुरलेली आणि बरीचशी मार्चअखेरच्या घाईत होते. निधी परत जाऊ नये ही चिंता एवढी मोठी, की कोटेशनमध्ये रॅम किती, डिस्क किती एवढेच पाहिले जाते. ‘ज्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर कर्नलमध्येच खुला आहे तेच यंत्र घेतले जाईल’ अशी एक ओळ निविदेत घालायला एक पैसाही खर्च येत नाही. तरी ती ओळ मी अद्याप आपल्याकडच्या कोणत्याही निविदेत वाचलेली नाही.

कायद्याच्या अंगानेही थोडी जागा आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक संकेतस्थळ सुरू केले. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियमही अमलात आले. त्यांत वस्तू भंगारात गेल्यावर उत्पादकाने काय करावे याचा विचार आहे. ती भंगारात जाऊच नये म्हणून त्याने कोणती माहिती द्यावी, याचा विचार व्हायला हवा. देखभाल थांबविण्याच्या दिवशी कार्डाची तांत्रिक माहिती प्रसिद्ध करणे उत्पादकाला बंधनकारक केले, तर सरकारच्या तिजोरीवर कसलाही भार पडणार नाही.

तोवर संस्थांच्या हाती एक साधे काम आहे. आमच्या भागातील एका शिक्षणसंस्थेत काळ्या पडद्यामुळे कित्येक संगणक डेडस्टॉक रजिस्टरातून निर्लेखनासाठी काढलेले मी पाहिले. प्रत्येकात नंतर बसविलेले जुने एनव्हिडिया कार्ड होते, आणि प्रत्येकाच्या मदरबोर्डला इंटेलचे स्वतःचे ग्राफिक्सही होते; फक्त कार्ड बसविल्यावर त्याची जागा कोणाला आठवत नव्हती. कार्ड उपसून मॉनिटरची केबल मागच्या बाजूला मदरबोर्डच्या निळ्या व्हीजीए जोडणीत लावली, बायोसमध्ये अंगभूत ग्राफिक्स चालू केले, आणि बहुतेकांचे पडदे उजळले. त्यावर खेळ चालणार नाहीत. परंतु टंकलेखन, हिशेबाची पाने, प्रोग्रामिंगचे पहिले धडे आणि मराठीत लिहिणे एवढे बी.कॉम.च्या मुलाला ते यंत्र आणखी काही वर्षे खुशाल देईल. निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी आणि प्राचार्यांनी त्या यादीतील प्रत्येक यंत्राच्या मागची बाजू एकदा वळवून पाहावी.